वस्तादांचं वजन

“वजन हाय तवर मानूस हाय,” असं म्हणत मांडीवर थाप मारायची, ही वस्तादांची सवय. आमच्या पौडच्या तालमीत नवं पोर आलं की नावाआधी ते त्याचं वजन विचारायचे. मी भातगिरणीत कारकून. माझ्या काटकुळ्या अंगाकडं बघून म्हणायचे, “कारकून, पोत्यांजवळ उभं ऱ्हाऊ नगा. चुकून तांदळाबरुबर शिवून टाकत्याल.”

असा माणूस पन्नाशीत थकायला लागला. हिरड्यांतून रक्त, संध्याकाळ झाली की कणकण. पुण्याच्या दवाखान्यात रक्ताचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, “खात राहा. वजन उतरू देऊ नका. अंगात काही असेल तर चार दिवस जास्त काढाल.”

वस्तादांच्या डोक्यात वजन तेवढं राहिलं. दर बाजाराला ते गिरणीत येऊन पोत्यांच्या काट्यावर धोतर सावरून उभे राहायचे. त्यांची बायको, आमच्या वहिनी, दारात पदर तोंडाला लावून थांबायच्या. मी आकडा सांगायचा. तालमीतली पोरं आपल्या वाटणीचं दूध त्यांच्या घरी पोचवायची. अख्ख्या गावानं त्यांना खुराकावर धरलं होतं.

आणि वजन उतरेना. उलट पावसाळ्यानंतर वाढलं. त्या दिवशी वस्तादांनी गिरणीत गूळ वाटला. “बघा कारकून, केला का न्हाई चीत?”

मलाही खरं वाटलं. पण त्यांचे दंड पाहिले असते, तर तुम्हीही घोटाळ्यात पडला असता. कातडी लोंबत होती, सदऱ्याच्या बाह्या रिकाम्या दिसायच्या. पोट मात्र घागरीएवढं.

दवाखान्याच्या पुढच्या खेपेला मी सोबत गेलो. डॉक्टरांनी डाव्या बरगडीखाली दाबलं, तसे वस्ताद कळवळले. आजारानं पाणथरी, म्हणजे प्लीहा, सुजून बेंबीच्या खाली उतरली होती. काट्यावर वाढत होतं ते तिचं वजन. मांस केव्हाच झडलं होतं.

परतताना एस.टी.त भूगाव मागं पडलं. मग वस्ताद म्हणाले, “म्हंजी पोरांचं दूध समदं तिनंच प्यालं.” थोड्या वेळानं माझा हात धरला. त्यांच्या हाताला पकड राहिली नव्हती. “आमच्या घरात बोलू नगा. ती त्या आकड्यावर जगतीया.”

त्यानंतरही ते काट्यावर चढत राहिले. शेवटी शेवटी दोघांना धरून चढवावं लागायचं. आकडा ऐकून वहिनींचा चेहरा उजळायचा आणि मला त्या काट्याचा संताप यायचा.

होळीच्या आधी वस्ताद गेले. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांची बहीण सगळ्यांदेखत बोलत होती, “पैलवान गडी आसा जातोय व्हय? खायाप्यायाला कमी पडलं आसंल.”

वहिनी रडायच्या थांबल्या. माझ्याकडं बोट करून म्हणाल्या, “ह्येंना इचारा. शेवटच्या बाजारापतूर वजन घटलं न्हवतं. व्हय ना, भावजी?”

सगळ्या बायका माझ्याकडं बघू लागल्या.

“व्हय, वहिनी,” मी म्हणालो. “तोळाभरसुद्धा नाही.”