मी-हेताई आणि कोरड्या डोळ्यांचे ससे

दक्षिण कोरियातल्या जेचन शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत बांग मी-हे सशांची देखभाल करायला आल्या, तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. आधी त्या शिवणकारखान्यात होत्या. दिवसभर सुईवर नजर रोखून त्यांचे डोळे कोरडे पडले, सारखे चुरचुरायला लागले, म्हणून ते काम सोडलं.

"सशांची भीती नाही ना वाटत?" आमचे प्रमुख डॉ. मेंग यांनी विचारलं.

"नवऱ्याबरोबर संसार केलाय साहेब, सशाची कसली भीती?"

त्याच दिवशी त्या रुजू झाल्या.

आम्ही रानशेवंतीच्या अर्काचे थेंब तपासत होतो. खोली मुद्दाम कोरडी ठेवायची, पंखे लावायचे आणि सशांचे डोळे कोरडे पडले की काहींना शेवंतीचे थेंब घालायचे, काहींना नुसतं मिठाचं पाणी. कुठल्या बाटलीत काय, हे थेंब घालणाऱ्याला कळू द्यायचं नाही. मग पापणीखाली कागदाची पट्टी अडकवायची. पट्टी जितकी भिजेल, तितका डोळा बरा. माझ्या हातात ससे लाथा झाडायचे. ताईंच्या मांडीवर मात्र निमूट पडून राहायचे. ताई जुनी गाणी बेसूर म्हणत थेंब घालायच्या. "झालं रे राजा, झालं!"

बाटल्यांचं गुपित उघडलं त्या दिवशी आमची तोंडं उतरली. दोन्हीकडचे आकडे सारखेच. कित्येक सशांचे डोळे धड कोरडेही पडले नव्हते.

"मिठाच्या पाण्यानंच भागतंय, तर दुकान बंद करून समुद्रावर जाऊ या," डॉ. मेंग म्हणाले.

ताईंनी सशांना खाणं वाढायचा हातातला चमचा खाली ठेवला. "साहेब... ते टॉवेल."

"कुठले टॉवेल?"

"थंडीत घर तापवलं की आपण खोलीत ओले कपडे वाळत घालतो ना, हवा कोरडी होऊ नये म्हणून? तसे मी पिंजऱ्यांमागे घालत होते. लाल झालेले डोळे बघवेनात. कसं चुरचुरतं ते मला माहितीये."

"खोली कोरडी ठेवायची, हे सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं. ऐकलंही होतं. केलं नाही."

सगळ्यांची मेहनत वाया गेली होती. ताईंनी एप्रन काढला, घडी घालून टेबलावर ठेवला. "उद्यापासून येत नाही मी."

"येत नाही म्हणजे?" डॉ. मेंग भडकले. "सशांना मांडीवर कोण घेणार? मी घेतला तर बोट चावलं त्यानं! सगळं पहिल्यापासून करायचंय. आणि आता टॉवेल दिसला, तर तुम्हालाच पिळून वाळत घालीन."

ताईंना हसू आलं, पण एप्रन त्यांनी लगेच उचलला नाही. "मग माझंही एक ऐका. प्रयोग संपला की सगळ्यांचे डोळे बरे करायचे, मिठाच्या पाण्यावाल्यांचेही. आणि त्यांना मारायचं नाही. घरं मी शोधते."

अशा प्रयोगांनंतर ससे बहुधा मारलेच जात. डॉ. मेंग बराच वेळ हनुवटी खाजवत बसले. या टप्प्यावर डोळा कापून बघायची गरज नव्हती, हे त्यांनाही पटलं. त्यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीकडे परवानगी मागितली आणि ती मिळाली.

दुसऱ्या खेपेला ताईंनी सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. सोपं नव्हतं ते. एकदा त्या बाहेरच्या बोळात डोळे पुसताना दिसल्या. "डोळे कोरडे म्हणता आणि रडता कशा?" मी चिडवलं.

"रडत नाहीये गं, चुरचुरतंय! जा, कामं कर."

या वेळी शेवंतीच्या सशांच्या पट्ट्या चांगल्याच भिजल्या, मिठाच्या पाण्यावाल्यांच्या जेमतेम. डॉ. मेंगनी सगळ्यांना भाजलेलं डुकराचं मांस खाऊ घातलं.

"मला कधी मिळणार हे थेंब?" ताईंनी तोंडात घास असतानाच विचारलं.

"आधी सशांचं पूर्ण होऊ दे. मग माणसांवर चाचणी, मग तुम्ही."

"म्हणजे रांगेत मी सशांच्याही मागे!"

कबूल केल्याप्रमाणे सगळ्या सशांचे डोळे बरे झाले. ताईंनी शेजारपाजारी, बहिणीकडे, न्हाव्याकडेसुद्धा ससे खपवले. शेवटी एक उरला, चावरा. तो त्यांनी स्वतःच्या घरी नेला.

त्यांचे यजमान गु-थेक बस चालवत. दारातच ते ओरडले, "या वयात पुन्हा बाळंतपण काढायचं का मी?"

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले. ताई किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालत होत्या. गु-थेक जमिनीवर पालथे पडून कोबीची कोवळी पानं निवडून सशाला भरवत होते आणि बायकोवर खेकसत होते, "अगं हळू बोल, जेवतोय तो!"