दोन मैदानं आणि एक मंडप

लातूरच्या एका कोचिंग क्लासच्या मॅनेजरनं मला फसवलं, आणि वर गावभर सांगितलं की मंडपवाल्यानं फसवलं.

भूकंपानंतर माणसं घराबाहेर झोपायची, तेव्हा मी ताडपत्र्या बांधायला शिकलो. त्या दिवसांत निरोपाची एकच रीत होती. एक जण उंचावर उभा राहून ओरडायचा, "पत्र्यांचा ट्रक आला रे!" कोणाला कळलं नाही असं झालं नाही. पुढं लातुरात क्लासेस वाढले, गुणवंतांचे सत्कार सुरू झाले आणि माझ्या ताडपत्र्यांचे मंडप झाले.

त्या क्लासनं नांदेडला शाखा काढली. पहिल्या सत्काराचा मंडप माझा. सगळा कारभार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, आणि मॅनेजर तिथं रोज सकाळी गुलाबाची चित्रं टाकायचे. एकदा माझं डोकं फिरलं. आवाजी मेसेज टाकला, "साहेब, फुलं हारवाला आणील. तुम्ही मैदान सांगा." त्यांनी मैदान सांगितलं. त्यानंतर फुलं बंद झाली. मला वाटलं, माझं बोलणं लागू पडलं.

आदल्या दिवशीच ट्रक नेऊन मंडप घातला. सत्काराची वेळ झाली तरी खुर्च्या रिकाम्या. मॅनेजर फोन उचलेनात, म्हणून हारवाल्याला लावला.

"मामा, कुठं हाय तुम्ही? इथं समदे उन्हात उभे हायत!"

"इथं म्हणजे कुठं?"

"रस्त्याच्या पलीकडच्या मैदानात. मैदान बदललं की! ग्रुपवर आलतं, समद्यांनी त्या मेसेजखाली होकाराचे अंगठे दिले. म्या बी दिला."

"माझा अंगठा दिसला का तुला?"

तो शोधू लागला. "मामा, तुम्ही तर ग्रुपातच न्हाईत!"

मी भोंगे रस्त्याकडं वळवले आणि माइक उचलला. "मॅनेजर साहेब! मंडप इकडं हाय! सावली इकडं हाय! पोरांना घेऊन या, गुलाब तिकडंच राहू द्या!"

आईबाप, पोरं, पाहुणे, सगळे हसत रस्ता ओलांडून आले. निरोप एका दमात पोचला.

सत्कार झाल्यावर क्लासचे सर म्हणाले, "मामा, पालकांसमोर आमची शोभा केलीत."

"सर, मला कळवलंच नाही कोणी."

"ग्रुपवर सगळ्यांचा होकार आहे."

"मग माझा दाखवा."

सरांनी मॅनेजरकडं पाहिलं. मॅनेजर फोनमध्ये डोकं घालून बसले.

आता लातुरातले बाकीचे क्लासही मला बोलवत नाहीत. हा मंडपवाला भलत्याच मैदानात जातो म्हणे! एवढ्या वर्षांत कमावलेलं नाव त्या बिनकामाच्या अंगठ्यांखाली गेलं.

तर मॅनेजर साहेब, मला ग्रुपातून कोणी काढलं ते चारचौघांत सांगा. मेसेज नको, अंगठा नको, गुलाब तर अजिबात नको. माइकवर या. माइक माझा, भोंगे माझे. भाडं लावणार नाही.