उजव्या गुडघ्याचे दिवस

शेकाच्या लाल दिव्याखाली हलता येत नाही. मग बायका बोलतात आणि किस्से साचत जातात. परळच्या इस्पितळातल्या व्यायामाच्या खोलीतले माझ्याकडे इतके साचले, की ऐकायला माणूस हवं! गिरगावात आमच्या तिसऱ्या मजल्यावर नेमकं तेच नव्हतं. हे दिवसभर कचेरीत, संध्याकाळी संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत. घरी यायचे ते घसा बसवून.

बाळंतपणानंतर माझा उजवा गुडघा जिन्यात दगा द्यायला लागला. 'बाळाला घेऊन पडले तर?' या भीतीनं मी बबनला कडेवर घेणंच सोडलं. शेजारच्या मावशी त्याला खाली न्यायच्या. खालून तो मला टाटा करायचा, पाहुणीला करावा तसा.

*

व्यायाम शिकवणाऱ्या नाडकर्णीबाईंनी वरळी कोळीवाड्याच्या हिराबाईंना बजावलं, "उकिडवं बसून मासे विकायचे नाहीत. स्टूल घ्या."

पुढच्या खेपेला हिराबाई तणतणतच आल्या.

"का हो, आराम नाही?"

"कसला आराम, बाय! स्टुलावर मला बघून गिऱ्हाईक मलाच विचारतं, कोळीण कुठं गेली?"

*

मला घरी पायाला वाळूची पिशवी बांधून पाय उचलायचा होता. चौपाटीवरून वाळू आणली, पिशवी शिवली. पहिल्या दिवशी पाय जागचा हलेना. मग रोज थोडा हलका वाटू लागला. काही दिवसांनी तर मी झोकात उचलायला लागले!

नाडकर्णीबाईंना अभिमानानं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "भरताना वाळू कोरडी होती ना?"

ओली होती. मी सुधारत नव्हते, वाळू सुकत होती!

*

नायगावच्या सोनाबाईंना आकडे मोजत व्यायाम करायचा कंटाळा. त्यांनी नवी पद्धत काढली. "संयुक्त महाराष्ट्र" म्हणताना पाय वर, "झालाच पाहिजे!" म्हणताना खाली. बघता बघता सगळी खोली गर्जू लागली.

मोठे डॉक्टर धावत आले. "हा मोर्चा आत कुणी आणला?"

"मोर्चा कुठला, डॉक्टर?" सोनाबाई पाय तसाच वर धरून म्हणाल्या, "आम्ही तर निजलोय!"

हसून हसून माझं पोट दुखलं. रात्री ह्यांना सगळं रंगवून सांगितलं.

"घोषणा बरोबर दिलीत ना?" म्हणाले, आणि कूस बदलली.

*

शेवटी एकदा नाडकर्णीबाईंनी माझा गुडघा वाकवून, दाबून पाहिला. "झाला बरा. आता यायची गरज नाही. खुशाल घ्या पोराला कडेवर!"

"सुटलीस गं!" सोनाबाई म्हणाल्या.

"पुन्हा तोंड दाखवू नको हां!" हिराबाईंनी दटावलं.

दुसऱ्या दिवशी बबनला कडेवर घेतलं. कठडा घट्ट धरून उतरले. गुडघ्यानं एकदाही दगा दिला नाही. बबननं मात्र माझ्या गळ्याला मिठी मारून ठेवली होती, जिना संपला तरी सोडेना. कुणाला तरी सांगावंसं वाटलं. चौकात कुणी नव्हतं. हे कचेरीत.

तशीच निघाले आणि परळची ट्राम धरली.

खोलीत सगळ्या होत्या. हिराबाईंनी बाकावर सरकून जागा केली आणि बबनला ओढून घेतलं.

नाडकर्णीबाई चकित. "अहो, तुम्ही? पुन्हा काय झालं?"

"गुडघा."

"दुखतोय? कालच तर बरा होता!"

"तो नाही," मी म्हणाले. "डावा."

बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बबनकडे. मग लाल दिवा ओढून डावीकडे लावला.