गाव कुठलं, वकीलसाहेब?

लग्नाच्या गोष्टी लोक आपणहून सांगतात. घटस्फोटाच्या गोष्टी कुणी विचारत नाही, म्हणून त्या घरात साठत जातात. मग चार मित्र बसले, चहा आला, की एकदम बाहेर पडतात. माझ्याकडे तर भरपूर साठा आहे. अक्कासाठी वकील शोधायचा होता आणि घरात गाडी चालवता येणारा मी एकटाच होतो!

आधी माणसं सांगतो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सुजाता. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. तिची मुलगी मनू, दुसरीत. सासर सोडून अक्का कोल्हापुरात आमच्याकडे आली ती मनूला घेऊनच. दाजी दारू पीत नव्हते, हात उचलत नव्हते. फक्त बोलत नव्हते. त्या घरात बोलायचं काम एकटे त्यांचे वडील करायचे. सुनेने नोकरी करायची की सोडायची, माहेरी कधी जायचं, भाजीत तिखट किती घालायचं, सगळं तेच ठरवायचे आणि दाजी मान खाली घालून जेवायचे. अक्का निघून आल्यावर त्यांचा निरोप आला, "सून गेली तर जाऊ दे, नात आमची हाय." तेव्हापासून तिची झोपच उडाली. बाकी काही मिळो न मिळो, मनू तिच्याजवळ राहायला हवी होती. वकील चुकला तर पोरगी जाईल, या भीतीने आम्ही सगळेच धास्तावलो होतो.

आणि आमचे अण्णा! वडिलांचे थोरले भाऊ. वडील गेल्यापासून घरात शब्द त्यांचा. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांनी आयुष्य काढलं. ऊस भरून आलेल्या प्रत्येक ट्रॅक्टरकडे संशयाने बघायचा त्यांना पगार मिळायचा. रिटायर झाल्यावर पगार थांबला, संशय चालू राहिला.

"वकील मी निवडणार," अण्णांनी जाहीर केलं. "फुटणारा माणूस मला लांबनं कळतोय."

*

पहिले वकील चांगले नावाजलेले. एसी ऑफिस, काचेचं टेबल, आम्ही बसतोय तोवर चहा हजर. अक्का तोंड उघडायच्या आत अण्णांनी विचारलं, "गाव कुठलं, वकीलसाहेब?"

आता आपल्याकडे हा काही साधा प्रश्न नसतो. गावावरून आडनाव, आडनावावरून आजोळ, आजोळावरून कुणाची लेक कुठं दिली, असं करत करत दोन अनोळखी माणसं एकमेकांची पावणी निघतात आणि चहाचा दुसरा कप येतो. वकीलसाहेबही खुलले. बोलता बोलता त्यांच्या मावशीचं सासर निघालं शिरोळ तालुक्यात. दाजींचं गावही तिथलंच, नृसिंहवाडीच्या अलीकडचं.

"कुणाच्यात दिलीया मावशी?" अण्णांनी गोड आवाजात विचारलं.

वकिलांनी नाव सांगितलं. अण्णा ताडकन उठले. दाजींची चुलती त्याच घरातली!

"उठ सुजाता. हितं न्हाय जमायचं."

गाडीत बसल्यावर ते माझ्याकडे वळून म्हणाले, "त्यो च्या तू प्यालास?"

"प्यालो की."

"मग संध्याकाळपातूर पोटात काय होतंय का बघ!"

*

दुसरे वकील मी मुद्दाम शोधून काढले. मूळचे लातूरकडचे. शिरोळशी संबंध नाही, हातकणंगल्याशी नाही, कुणाशीच नाही. अण्णांनी गाव विचारलं, आजोळ विचारलं, बायकोचं माहेर विचारलं, शेवटी साडूचंही गाव विचारून झालं. कुठेच धागा जुळेना. मी मनात म्हटलं, सुटलो!

बाहेर आलो तर अण्णांचं तोंड पहिल्यापेक्षा जास्त पडलेलं.

"आता काय झालं?" मी जरा चिडूनच विचारलं.

"आरं, एवढी वर्षं कोल्हापुरात ऱ्हातोय आणि ह्येचा एकबी पावणा न्हाय? उद्या फाईल घिऊन पळाला तर जाब विचारायला कुणाच्या दारात जायचं?"

*

तिसऱ्या वकिलांच्या बाबतीत मात्र संशय मला आला. अक्काचं निम्मं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "ताई, मुलगी शंभर टक्के तुमचीच. लिहून घ्या!" अक्काचा चेहरा एकदम फुलला. बऱ्याच दिवसांनी मी तिला हसताना बघितलं, पण माझ्या मनात आलं, माणूस एवढं स्वस्तात आश्वासन देतोय म्हणजे तो ते सगळ्यांना देत असणार.

दुसऱ्या दिवशी मी मित्राच्या मोबाईलवरून त्यांना फोन लावला. आवाज जाड केला. म्हटलं, "साहेब, बायको पोरगीला घिऊन माहेरी गेलीया. आम्हाला पोरगी पायजे."

"शंभर टक्के तुमचीच!" साहेब तिकडून म्हणाले. "अजिबात काळजी करू नका. कालच एक बाई आलेल्या, सेम केस. त्यांचं काय खरं नाही!"

हे अक्काला कसं सांगायचं, या विचारात माझं जेवण गेलं. सांगितल्यावर ती आत गेली आणि झोपलेल्या मनूच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत बसली.

*

तोवर दाजींच्या वडिलांनी वेगळीच चाल सुरू केली होती. शहरातल्या चांगल्या चांगल्या वकिलांकडे जायचं, पहिली भेट घ्यायची, सगळी हकीकत सांगायची, की तो वकील मग आमची केस घेऊ शकत नाही. आम्ही जाऊ तिथे उत्तर तयार, "ते येऊन गेले हो तुमच्याआधी."

अण्णा पेटले. "मग आपुनबी जाऊ की!"

आता दोन्ही घरं कोल्हापूरभर वकील अडवत फिरू लागली. व्हायचं तेच झालं. एका सकाळी आम्ही एका ऑफिसात शिरलो तर बाकावर दाजी, त्यांचे वडील आणि आई बसलेले!

पण पावणे ते पावणे. दाजींचे वडील सरकून बसले. "या पावणं, बसा की. ऊस गेला का?"

"गेला की. तुमचा?"

घटस्फोटाला आलेली दोन घरं ऊसतोडीवर बोलत बसली! दाजींनी अक्काकडे बघितलं, अक्काने पंख्याकडे. तेवढ्यात दाजींच्या आईने पिशवीतून नृसिंहवाडीच्या कवठाच्या बर्फीचा बॉक्स काढला आणि अक्काच्या मांडीवर ठेवला.

"मनूला आवडती म्हणून..."

"तुला काय कळतंय का? गप बस!" दाजींचे वडील सगळ्यांसमोर खेकसले. दाजींच्या आई पिशवीचे बंद बोटांना गुंडाळत खाली बघत राहिल्या. अक्का त्यांना आत्ती म्हणायची, म्हणून आम्हीही आत्तीच म्हणायचो.

वकिलांनी दार उघडलं, दोन्ही पार्ट्या एका बाकावर बघितल्या आणि दार पुन्हा लावून घेतलं.

घरी आल्यावर अण्णांनी बर्फीचा बॉक्स ताब्यात घेतला. "लेकराला आसं तसं द्यायचं न्हाय. आधी मी तपासतो." एक वडी तपासली. थोडा वेळ थांबले. "एकावरनं कळंना," म्हणून दुसरी तपासली. मनू शाळेतून आली तेव्हा बॉक्स निम्मा तपासून झाला होता!

*

शेवटी अक्काने आम्हाला न विचारता वकील शोधला. बाई होत्या. जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर छोटं ऑफिस, चहा नाही, एसी नाही. अण्णा जिना चढतानाच कुरकुरत होते.

"तुम्ही दोघं बाहेर बसा," वकीलबाई आम्हाला म्हणाल्या. "मला यांच्याशी बोलायचंय."

"आम्हाला कळू ने आसं काय हाय?" अण्णांचा पारा चढला.

"घटस्फोट तुम्हाला हवाय का?"

अण्णा जागचे हलले नाहीत. त्यांनी आपलं हत्यार काढलं. "ते ऱ्हाऊ दे. गाव कुठलं तुमचं?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, यांचं लग्न ठरवताना गाव बघितलं होतंत?"

"बघितलं की!"

"आजोळ? भावकी? कुणाची लेक कुठं दिलीय?"

"सगळं बघितलं. आम्ही काय येडं हाय?"

"मग आता मला वेगळं काहीतरी विचारा."

अण्णा बाहेर येऊन बसले. आत काय बोलणं झालं ते अक्काने आजपर्यंत सांगितलेलं नाही. पण बाहेर आली तेव्हा म्हणाली, "ह्या बाईंनी शंभर टक्के न्हाय म्हटलं. म्हटल्या, प्रयत्न करू. मला ह्याच पायजेत."

*

अण्णा गप्प झाले, पण सुधारले असं समजू नका. केस सुरू झाल्यावर ते प्रत्येक तारखेला कोर्टात यायचे ते आमच्याच वकीलबाईंवर लक्ष ठेवायला. एकदा त्यांनी बघितलं, बाई कॅन्टीनमध्ये समोरच्या पार्टीच्या वकिलाबरोबर चहा पितायत. वर हसतायत!

अण्णांनी खांबाआडून फोटो काढला. घरच्या ग्रुपवर टाकायला म्हणून मोबाईलशी बराच वेळ झटापट केली आणि खाली लिहिलं, "दोघं मिळालेत. आपली वकील फुटली."

झालं काय, तो फोटो घरच्या ग्रुपवर गेलाच नाही. गेला "सुजाता वेड्स प्रवीण" या ग्रुपवर! अक्काच्या लग्नात जेवणाची, मांडवाची कामं वाटायला काढलेला ग्रुप. त्यात दोन्हीकडची माणसं. कुणी कुणाला काढलं नव्हतं. आपण बाहेर पडलो तर वाईट दिसेल म्हणून सगळे तसेच आत बसून राहिले होते.

मी डोक्याला हात लावला. अण्णांना पुसायला शिकवेपर्यंत निळ्या खुणा आल्या. आता शिव्या येणार म्हणून आम्ही मोबाईलकडे बघत बसलो. दाजींच्या वडिलांचा मेसेज आला.

"पावणं, आमाला बी त्योच डाऊट हाय. आमचा बी फुटलाय."

लग्न झाल्यापासून दोन्ही घरांचं एकमत झालेलं ही पहिलीच गोष्ट! अण्णांनी त्यांना फोन लावला. दोघांनी वकिलांना भरपूर शिव्या घातल्या आणि ठरवलं, ह्यांच्या नादाला लागायचं नाही, आपणच समोरासमोर बसून मिटवायचं. आमच्याच घरी बैठक झाली. अण्णा आणि दाजींचे वडील वकिलांना शिव्या देण्यात इतके रंगले, की पहिल्यांदाच दाजींना बोलायला जागा मिळाली.

"मनू आईजवळ ऱ्हाऊ दे," दाजी म्हणाले. "मी रविवारी भेटत जाईन."

वडिलांनी तोंड उघडलं. पण अण्णांसमोर, आत्ताच जमलेल्या दोस्तासमोर, स्वतःच्या मुलाशी भांडायचं कसं? उघडलेलं तोंड तसंच मिटलं. अक्का उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेलो तर नळ सोडून रडत होती. मलाही आवरलं नाही.

हे सगळं वकीलबाईंच्या कानावर घातलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आम्ही दोघं चहा पिताना तेच जुळवत होतो की!"

अण्णांनी मला कोपऱ्यात घेतलं. "बघ. मिळालेतच म्हणून मी सांगत न्हवतो?"

*

निकाल लागला. दोघांच्या संमतीने घटस्फोट, मनू अक्काकडे. बाहेर पार्किंगमध्ये दाजींचे वडील गाडीला गाडी का लावली म्हणून कुणाशी तरी भांडत होते. दाजी मान खाली घालून शेजारी उभे. आत्ती हळूच आमच्याकडे आल्या. त्यांनी पिशवीतून बर्फीचा बॉक्स काढून अक्काच्या हातात दिला. अण्णांनी सवयीने हात पुढे केला आणि अक्काने बघितल्यावर मागे घेतला.

"मनूला दे," आत्ती म्हणाल्या. अक्का वाकून पाया पडली. आत्तींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग एकदा पार्किंगकडे बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "सुजाता, वकीलबाईंचा नंबर दे की."

"कशाला ओ आत्ती?"

"आसू दे."

अक्काने पर्समधून पेन काढलं आणि त्यांचा हात धरला. त्यांनी तो मागे ओढला. "हातावर नगो, दिसंल. पिशवीवर आतल्या अंगानं लिव्ह."

अक्काने पिशवी उलटी करून नंबर लिहिला. तिकडून हाक आली, "अगं ए, चल की! काय करतीयास तिथं?" आत्ती लगबगीने निघाल्या. चार पावलं गेल्या, थांबल्या आणि परत मागे आल्या.

"ती बाई गाव तर विचारत न्हाय न्हवं?"