काकूंची वाटी
रिकामी वाटी परत देऊ नये, म्हणून बायकोने डब्यातली उरलेली साखर शेजारच्या काकूंच्या वाटीत घातली. याच वाटीतून तिने काजू उसने आणले होते.

त्या दिवशी कोर्टाचा माणूस आमची मिळकत तपासायला आला होता. दुकान बुडाल्यावर घरात खरंच काही उरलं नाही, हे त्याला पटलं तरच दिवाळखोरी मान्य होऊन आम्ही कर्जातून सुटणार. पण घरी आलेल्याला तसंच कसं पाठवायचं, म्हणून तिने शिरा केला.

"वहिनी, काजू भरपूर घातलेत," तो म्हणाला. आम्ही नुसते हसलो.

तेव्हापासून निकालाची वाट पाहतोय. नसलेलं झाकण्यातच आयुष्य गेलं. ते उघडं करून दाखवायचं कसं?

"उसने आणलेत, असं सांगायला हवं होतं का?" तिने विचारलं. मग साखर किती थोडी आहे ते दिसू नये, म्हणून वाटी पदराखाली झाकून ती काकूंकडे गेली.