शालीतली टेकडी

शालीवरून डिटेक्टर फिरवला आणि तो किंचाळला.

"काकू, शालीत काय आहे?"

"शालीत काय असणार? ऊब," काकूंच्या आधी काकांनीच उत्तर दिलं.

मी घडी उलगडली. आत मोबाइल होता.

सदाशिव पेठेतल्या एका स्कॅन सेंटरमध्ये मी एमआरआय टेक्निशियन आहे. पेशंटला मशीनमध्ये झोपवायचं, फोटो काढायचे आणि त्याआधी त्याच्या अंगावरचं लोखंड हुडकून काढायचं, हे माझं काम. हुडकणं सगळ्यात अवघड, कारण आपल्याकडे काही आहे हे पुणेकर सहसा कबूलच करत नाही.

"फोन आत चालत नाही, काका."

"एअरप्लेन मोडवर टाकलाय." काका निवृत्त इंजिनिअर, कोथरूडचे. "तुमच्या मशीनला सिग्नलचा काडीचा त्रास होणार नाही."

"सिग्नलचा प्रश्नच नाहीये. हे मशीन म्हणजे अवाढव्य लोहचुंबक आहे. फोन खेचला जाऊन सरळ बोगद्यात आपटू शकतो, आणि तिथे काकूंचं डोकं असणार."

"मग फोन ठेवेपर्यंत चुंबक बंद ठेवा."

"तो बंद नसतो कधी. आम्ही कुलूप लावून घरी जातो तेव्हाही चालूच असतो."

"मग या एअरप्लेन मोडचा उपयोग काय?" असं म्हणत काकांनी रागारागाने तो मोड काढून टाकला. त्या वेळी माझं तिकडे लक्ष नव्हतं, कारण काकूंचे डोळे भरून आले होते.

"ताई, माझी टेकडी आहे हो त्यात," त्या म्हणाल्या.

झालं होतं असं. काकूंच्या हाताला मुंग्या येत होत्या, चालताना तोल जात होता. दोघांची रोजची टेकडी बंद पडली होती. मानेचा एमआरआय पाहिल्याशिवाय ऑपरेशनचं काही ठरवणार नाही, असं त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण बंद जागेत काकूंचा जीव घाबरा व्हायचा. मानेच्या स्कॅनला तोंडावर एक जाळी बसवतात आणि डोकं पूर्ण आत जातं. याआधी दोनदा त्या अर्ध्यातून बाहेर आल्या होत्या. म्हणून काका एकटेच टेकडी चढले आणि वाटेतलं सगळं बोलत बोलत रेकॉर्ड करून आणलं. डोळे मिटून ते ऐकत काकू टेकडी चढणार, असा बेत होता. बेत झकासच होता, फक्त चुकीच्या खोलीसाठी होता.

मी आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडमकडे गेले. म्हटलं, फोन बाहेर माझ्या टेबलावर राहील. पेशंटशी बोलायचा माइक असतो, त्याच्यासमोर तो धरू. काकूंना हेडफोनमधून ऐकू येईल.

"हे एमआरआय सेंटर आहे. आकाशवाणी नाही," मॅडम म्हणाल्या.

"त्या दोनदा उठून गेल्यात, मॅडम."

"बरं. पण फोन काचेच्या अलीकडेच."

काकूंच्या हातात मी रबरी फुगा दिला. घाबरलात तर दाबा, मी लगेच बाहेर काढीन. हलायचं मात्र नाही, फोटो हलतो. शाल, आता नुसती शाल, अंगावर घातली आणि बाहेर आले.

काकांनी फोन माइकसमोर धरला. "चल गं, पायऱ्या आल्या," फोनमधले काका म्हणाले. मागे पाखरं ओरडत होती. मशीन धडधडायला लागलं. पडद्यावर पहिले फोटो आले, अगदी स्वच्छ. मी काकांकडे बघून अंगठा दाखवला आणि ते फुलले.

टेकडी अर्धी झाली असेल, तोच फोन वाजला. पाखरं बंद. काका गडबडले आणि फोन कापायचा तर उचलून बसले, तोही स्पीकरवर.

"सर, हिंजवडीत टू बीएचके बघताय का?"

हे वाक्य थेट काकूंच्या कानात गेलं. काचेतून मला त्यांची मूठ फुग्यावर आवळताना दिसली. माझा हात मशीन थांबवायच्या बटणाकडे गेला.

काकांनी फोन कापून खाली ठेवला, माइक पुढे ओढला आणि म्हणाले, "अगं, वाटेत एक फ्लॅटवाला भेटला होता. पिटाळला त्याला. चल तू. डावीकडे दगड सैल आहे, सांभाळून."

मूठ सैल झाली. मी बटणावरून हात मागे घेतला.

मग काकांनी उरलेली टेकडी तोंडीच चढवली. खाणीतलं पाणी आलं. मोर आला. "समोरून तुझा तो योगासनवाला येतोय, बघू नकोस, नाहीतर पुन्हा श्वास शिकवेल." काकूंचे पाय हसून हलले. पडद्यावरचा फोटो फिसकटला.

"काका, विनोद नको! हा पुन्हा घ्यावा लागेल."

"अगं, हसू नकोस, बाई रागावतायत," काकांनी तेही प्रसारित केलं. मॅडम माझ्या मागे कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कळलं नाही. तोंडाला रुमाल लावून हसत होत्या.

स्कॅन पूर्ण झाला. काकू बाहेर आल्या त्या चक्क तक्रार करत. "अहो, ते बाकडं विसरलात तुम्ही. आपण बसतो तिथे नेहमी."

"घाईत होतो," काका म्हणाले आणि चष्मा पुसत राहिले. मला इतका आनंद झाला, की मीच काकूंचा हात धरून त्यांना रिसेप्शनपर्यंत सोडून आले.

फोटो पाहून डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हणून सांगितलं. औषधं आणि मानेचे व्यायाम पुरे.

त्यानंतर मी प्रत्येकाला एकच सांगते. एअरप्लेन मोड विमानासाठी असतो. एमआरआयच्या खोलीत फोन बंद असो, चालू असो, शालीत असो, येऊ देणार नाही. आणि फोन बाहेर कुणाला काही ऐकवायला धरणार असाल, तर तेवढ्यापुरता तो मोड जरूर टाका.

काही महिन्यांनी सेंटरच्या फोनवर एक रेकॉर्डिंग आलं. पाखरांचा आवाज, मागे कुणाची तरी जोरजोरात धाप. मग काकू म्हणाल्या, "ताई, आम्ही बाकड्यापर्यंत पोचलोय. म्हणजे मी पोचलेय. हे येतायत."