व्याह्यांना बहाल केलेली पदवी

माझ्या अब्रूचं खोबरं मी स्वतःच्या हाताने कसं केलं, ते ऐकायचंय? मग आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल.

आमचा रोहन इथे इंग्लंडात, कॉव्हेंट्रीतच जन्मला, वाढला, आणि मुलगी पसंत केली ती थेट फिनलंडची. आयनो. गोड पोर! तिचे आईवडील संडे लंचला येणार आणि लग्नाचं तेव्हाच पक्कं होणार होतं. बायकोने बजावलं, "अहो, हात जोडते, जगातलं सगळं संस्कृतातून आलंय हे आज काढू नका!"

पण ऐकेन तर मी कसला? आदल्या दिवशी फोनवर शोधलंच. आणि काय सापडावं? फिनिशमधला 'ओर्या' हा शब्द म्हणे आपल्या 'आर्य' शब्दाच्या घराण्यातला! बस्स. पुढे कशाला वाचायचं? आर्य म्हणजे थोर माणूस, हे आता मला कोणी शिकवायचं?

दारातच व्याह्यांना लवून नमस्कार केला. "वेलकम, ओर्या!"

आमचे व्याही पेक्काराव मुळातच अबोल. ते आणखी अबोल झाले.

मला वाटलं, भारावले! विहीणबाईंना श्रीखंड वाढताना म्हटलं, "प्लीज, ओर्या, लाजू नका." त्यांचा चमचा हवेतच थांबला.

मग मी उभं राहून भाषण ठोकलं. "तुम्ही अजिबात काळजी करू नका. तुमची आयनो या घरात पहिल्या दिवसापासून ओर्या म्हणूनच राहील! माझी बायको इतकी वर्षं राहतेच आहे ना!"

विहीणबाईंनी पर्स उचलली.

"बाबा, स्टॉप!" रोहन ओरडला. "तुमचं डोकं ठीक आहे ना? ओर्या मीन्स स्लेव्ह! गुलाम!"

"अरे, पण तो आर्यवरूनच..."

"ते खरंय, अंकल," आयनो हसू दाबत म्हणाली. "पूर्वी लढाईत पकडून आणलेल्या लोकांवरून तो अर्थ आला असावा, म्हणतात."

म्हणजे मी बरोबर होतो हो! पण ऐकणार कोण? आयनो आईवडिलांना फिनिशमध्ये समजावू लागली आणि मी तोंड लपवायला किचनमध्ये पळालो. बायकोचा एप्रन बांधून भांडी घासत सुटलो. पोराचं लग्न बापानेच मोडलं, दुसरं काही सुचत नव्हतं.

बायको आत आली. "ती कढईही घ्या. आणि मग सगळ्यांना चहा टाका."

तिच्यामागे पेक्काराव उभे. त्यांनी माझा एप्रन पाहिला, कढई पाहिली, बायकोचा चेहरा पाहिला. आल्यापासून पहिल्यांदाच ते खदखदून हसले, आणि मला लवून नमस्कार करत म्हणाले, "ओर्या!"

लग्न ठरलं. हल्ली त्यांचा फोन आला, की बायको चारचौघांत हाक मारते, "अहो ओर्या, व्याह्यांचा फोन! आधी हात पुसा!"